वर्गणीदार पुष्कळ, कार्यकर्ते थोडे : तालुका शाखेच्या समितीत काम कसे करावे?

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही औषध दुकानात गेलात तर गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन कागद चौकटीत लावलेले दिसतात. पहिला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, दुसरा फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र आणि तिसरा केमिस्ट असोसिएशनचे सभासदत्व. पहिल्या दोन कागदांबद्दल दुकानदाराला सर्व काही ठाऊक असते. तिसऱ्याबद्दल विचारले तर तो म्हणतो, "वर्षाची वर्गणी भरतो. बाकी ते लोक बघतात."

हे "ते लोक" म्हणजे कोण? तुमच्या-आमच्यासारखेच दुकानदार. दुपारी दुकान बंद करून किंवा मुलाला गल्ल्यावर बसवून सभेला जाणारे. पगार नाही, भत्ता नाही, वर बोलणी मात्र खावी लागतात. "संघटना आमच्यासाठी काय करते?" हा प्रश्न आम्ही पेण आणि रोहा या दोन्ही बाजारांत नेहमी ऐकतो. त्याचे सरळ उत्तर असे की, शाखेतले चार-पाच कार्यकर्ते जेवढे करतील तेवढेच संघटना करते. त्या चार-पाचांत आपल्या समाजातील व्यावसायिक फारसे दिसत नाहीत. ही गोष्ट आपल्या धंद्याला महाग पडते. ती कशी, आणि समितीचे काम प्रत्यक्षात असते तरी काय, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. उदाहरण औषध विक्रेत्यांचे घेतले आहे. परंतु डॉक्टर, वकील, टेंपो-ट्रकवाले, कंत्राटदार यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

शाखा, परिषद आणि खाते यांतला फरक

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. औषध व्यवसायाशी तीन प्रकारच्या संस्थांचा संबंध येतो. अन्न व औषध प्रशासन हे सरकारी खाते. परवाना देणे, तपासणी करणे, कारवाई करणे हे त्याचे काम. रायगड जिल्ह्याचे हे कार्यालय अलिबागला नसून पेणला आहे. दुसरी महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद. ती १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली चालते आणि फार्मासिस्टची नोंदणी ठेवते. या दोहोंशी संबंध ठेवणे आपल्या मर्जीवर नाही.

तिसरा प्रकार संघटनेचा. तेथे सगळे स्वेच्छेचे असते. दुकानदारांची देशपातळीवरची संघटना ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स. तिच्याखाली राज्य संघटना, मग जिल्हा आणि शेवटी तालुका. फार्मासिस्ट या पेशाची वेगळी संस्था आहे ती इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन. ती १९३९ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय मुंबईत कालिना येथे आहे. पहिली संघटना धंद्याचे प्रश्न पाहते, तर दुसरी पेशाचे ज्ञान आणि प्रशिक्षण. दुकानाचा मालक स्वतः फार्मासिस्ट असेल तर त्याला दोन्हीकडे जागा आहे.

या शिडीची सर्वांत खालची पायरी म्हणजे तालुका शाखा. कोलाडच्या नाक्यावरचा दुकानदार दिल्लीच्या सभेत बोलू शकणार नाही. पण रोह्याच्या सभेत तो बोलू शकतो, आणि तेथले म्हणणे ठराव होऊन जिल्ह्यामार्फत वर जाते. खालून काही आलेच नाही तर वरचे लोक मुंबई-पुण्याच्या दुकानांची अडचण हीच सगळ्यांची अडचण समजून चालतात. त्यात त्यांचा दोष काय?

समितीत काम असते तरी काय?

अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ही पदे सर्वांना माहीत असतात. पण शाखा खऱ्या अर्थाने चालते ती छोट्या समित्यांवर. त्यांची कामे साधी आहेत, पण चिकाटीची आहेत.

एक काम नियमांचे. ज्या औषधांवर डॉक्टरच्या चिठ्ठीचे कडक बंधन हवे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१३ साली शेड्यूल एच-वन काढले आणि १ मार्च २०१४ पासून ते लागू झाले. त्यात वरच्या पिढीतली प्रतिजैविके, क्षयरोगावरची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आहेत. ती विकताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. नियम असा एका ओळीत सांगता येतो. पण पहिल्यांदा नोंदवही मांडणाऱ्याला दहा शंका येतात. ज्या तालुक्यात समितीने एक दुपार काढून नमुन्याचे पान सर्वांना भरून दाखवले असेल, तेथे तपासणीच्या वेळी धावपळ होत नाही.

परवान्याचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर परवान्याचे नूतनीकरण गेले. परवाना चालू राहतो, मात्र दर पाच वर्षांनी तो टिकवण्याची फी भरावी लागते. मुदत चुकली तर विलंबशुल्क, आणि तरीही भरले नाही तर परवाना रद्द समजला जातो. जुन्या दुकानदाराला वाटते की "आता नूतनीकरण नाही", आणि तो गाफील राहतो. समितीतल्या एखाद्याने सर्व सभासदांच्या तारखा एका वहीत उतरवून महिनाभर आधी फोन केला, तर एका माणसाच्या एका तासाच्या कामाने एखाद्याची रोजीरोटी वाचते.

दुसरे काम मुदत संपलेल्या मालाचे. हा किरकोळ विक्रेत्याचा जुना दुखरा भाग आहे. माल परत जातो, पण त्याचे पैसे कधी पूर्ण मिळतात, कधी अर्धे, तर कधी सहा महिने मिळतच नाहीत. एकट्या दुकानदाराने स्टॉकिस्टकडे कुरकुर केली तर तो कंपनीकडे बोट दाखवतो. परंतु समितीने वीस दुकानांतून माल परत केल्याची तारीख, किंमत आणि मिळालेली जमा असा तक्ता गोळा केला तर ती कुरकुर राहत नाही, तो पुरावा होतो. असा तक्ता घेऊन जिल्हा संघटना कंपनीशी बोलू शकते. तो तयार करायला कोणी बसत नाही, म्हणून प्रश्न तसाच राहतो.

तिसरे काम आणीबाणीचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा गावोगावी विजेचे खांब पडले आणि कित्येक ठिकाणी अनेक दिवस वीज नव्हती. इन्सुलिन आणि काही लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. वीज नसेल तर दुकानदाराचे नुकसान होते, आणि मधुमेहाच्या रुग्णाचा तर जीवच टांगणीला लागतो. तालुक्यात जनरेटर कोणाकडे आहे, मोठा फ्रिज कोणाकडे आहे, रात्री दुकान कोण उघडू शकतो, अशी एका पानाची यादी पावसाळ्याआधी करून तहसील कचेरीत आणि ग्रामीण रुग्णालयात देऊन ठेवणे हे समितीचे काम आहे. खर्च शून्य. लागते ती फक्त एखाद्याची दोन दिवसांची पायपीट.

मसुदा निघतो तेव्हा

समितीची खरी कसोटी लागते ती नवा नियम येऊ घातलेला असतो तेव्हा. केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०१८ रोजी इंटरनेटवरून औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या. बरोबर एक महिन्याने, २८ सप्टेंबरला औषध विक्रेत्यांनी देशभर बंद पाळला. बंदची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. बंद पाळावा की नाही यावर मतभेद असू शकतात. परंतु मसुद्यावर लेखी हरकत देणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि तो बजावायला दुकान बंद ठेवावे लागत नाही.

आता लेखी हरकत म्हणजे काय? "हा नियम अन्यायकारक आहे, रद्द करावा" एवढे लिहून भागत नाही. कलम कोणते, त्याने कोणाचे काय नुकसान होते, आकडे काय, आणि त्याऐवजी कोणता शब्द घालावा, इतके लिहावे लागते. डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या रुग्णाला उधारीवर औषध कोण देतो, रात्री अकराला दार कोण उघडतो, हे रोह्याच्या दुकानदाराला ठाऊक आहे. दिल्लीच्या अधिकाऱ्याला ते कोणी कागदावर सांगितल्याशिवाय कसे कळणार? तालुका शाखेत असा मजकूर लिहू शकणारा एक माणूस असला तरी पुरतो. आपल्या समाजात पदवीधर, फार्मासिस्ट, वकील आता घरोघर आहेत. त्यांची लेखणी या कामी का येऊ नये?

पेणच्या दुसऱ्या एका धंद्याकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. पेण शहर आणि हमरापूर-जोहे भागातल्या गणेशमूर्तींचे कारखाने सर्वांना माहीत आहेत. हजारो घरांची चूल त्यावर चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले, तेव्हा कारखान्यांपुढे मोठे संकट उभे राहिले. मूर्तिकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. राज्य शासनाने ज्येष्ठ शास्त्रज्ञ अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडून या विषयाचा अभ्यास करवून घेतला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती बनवण्यास व विकण्यास वाट मोकळी केली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करण्यावर बंधन ठेवले. पर्यावरणाचा प्रश्न त्यामुळे संपला असे नाही. नदी आणि खाडी सर्वांची आहे. आम्हाला येथे सांगायचे आहे ते इतकेच की, सुटा कारागीर इतक्या लांब जाऊ शकला नसता. संघटना होती, तिच्यात कागदपत्रे जमवणारी आणि तारखांना हजर राहणारी माणसे होती, म्हणून धंद्याचे म्हणणे ऐकले गेले.

समितीने काय करू नये

या कामात एक धोका आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. चार दुकानदार एकत्र बसले की बोलणे भावावर येते. "अमुक दुकान दहा टक्के सूट देते, सगळ्यांनी मिळून सूट बंद करू या." "तमुक कंपनीने आमच्या परवानगीशिवाय नवा स्टॉकिस्ट नेमला, तिचा माल उचलायचा नाही." असे ठराव टाळ्यांच्या गजरात होतात. पण ते बेकायदा आहेत.

२००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम व्यापारी संघटनांनाही लागू आहे. एकमेकांशी ठरवून भाव बांधणे, पुरवठा रोखणे, बाजार वाटून घेणे यांना त्यात बंदी आहे. शेजारच्या गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये निर्णय दिला. फेब्रुवारी २०१३ मध्ये देशपातळीवरच्या संघटनेलाच सुमारे ४७ लाख रुपयांचा दंड ठोठावला. स्टॉकिस्ट नेमण्यापूर्वी संघटनेचे ना-हरकत पत्र घेण्याची सक्ती, नफ्याचे प्रमाण आपसांत ठरवणे अशा प्रथा आयोगाने त्या प्रकरणात गैर ठरवल्या. काही प्रकरणांत पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः दंड केल्याचेही आयोगाचे निर्णय आहेत. म्हणजे अध्यक्ष सही करून मोकळा होतो असे नाही.

तेव्हा समितीवर जाणाऱ्याने एक खूणगाठ बांधावी. सरकारकडे मागणी करणे, सभासदांना शिकवणे, माहिती गोळा करणे, निवेदन देणे हे सर्व चालते. ग्राहकाला कोणत्या भावाने द्यायचे आणि कोणाचा माल घ्यायचा नाही हे मिळून ठरवणे चालत नाही. सभेत असा विषय निघाला तर उठून विरोध करावा आणि तो विरोध इतिवृत्तात लिहून घ्यावा. नुसते गप्प बसलेल्यालाही ठरावात सामील धरले जाण्याची भीती असते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याला दीन काय सांगतो? आजारी माणसाची अडचण पाहून भाव वाढवणे आणि माल दाबून ठेवणे या गोष्टी आपल्याकडे हलाल कमाईत बसत नाहीत. येथे कायदा आणि दीन एकच गोष्ट सांगतात.

धाटावच्या कारखान्यांशेजारी

रोह्याला लागून धाटाव औद्योगिक वसाहत आहे. तेथे बहुतेक कारखाने रसायनांचे. १२ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट व आग लागून अकरा कामगारांचे प्राण गेले. अशा वेळी काय करायचे यासाठी कायद्याने एक समिती सांगितली आहे, आणि तिच्यात सामान्य व्यावसायिकासाठी जागा ठेवली आहे. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९९६ मध्ये रासायनिक अपघातांसंबंधीचे नियम निघाले. त्यानुसार औद्योगिक भागासाठी एक स्थानिक आपत्ती गट असावा लागतो. अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी, सचिव कारखाने निरीक्षक. सभासदांत कारखानदार, पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य खात्याचे अधिकारी तर येतातच, पण त्यांच्याशिवाय धोकादायक रसायने वाहून नेणारे दोन वाहतूकदार, परिसरातले दोन नामवंत डॉक्टर, दोन समाजसेवक, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक आणि जवळच्या गावचे सरपंच किंवा पुढारी यांनाही नियमांनी स्थान दिले आहे. गटाची बैठक दर महिन्याला व्हावी आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण सराव व्हावा, असेही त्यात आहे.

आता विचार करा. या जागांवर नाव कोणाचे जाते? बहुधा डॉक्टरांची संघटना किंवा वाहतूकदारांची संघटना ज्याचे नाव सुचवते त्याचे. संघटनेच्या सभेला जो कधी येतच नाही त्याचे नाव कोण सुचवणार? आपल्या समाजातले कितीतरी जण टँकर आणि ट्रकच्या धंद्यात आहेत, दवाखाने चालवतात, आणि त्यांची घरे याच पट्ट्यात आहेत. वायू पसरला तर तो मोहल्ला पाहून पसरत नाही. कोणत्या रसायनाने भाजल्यास काय करावे, कोणता उतारा जवळच्या औषध दुकानात ठेवावा, वारा कोणत्या दिशेने असेल तर अष्टमीच्या लोकांनी कोठे जावे, हे ठरते त्या टेबलावर आपला डॉक्टर किंवा वाहतूकदार बसला तर सगळ्या गावाचा फायदा आहे. संघटनेत काम करण्याची किंमत येथे रुपयांत मोजता येत नाही.

पैसा ही अमानत

संघटनेत लोक पडत नाहीत याचे एक मोठे कारण पैशाचे व्यवहार. "उगाच संशय कशाला?" असे म्हणून सज्जन माणूस दूर राहतो, आणि मग हिशेब जे हात राहतील त्यांच्याकडे जातो. उपाय दूर राहण्यात नाही, पद्धत पाळण्यात आहे. बँकेत खाते दोघांच्या सहीने चालवावे. पावतीशिवाय वर्गणी घेऊ नये. रोख रक्कम घरी ठेवू नये. वर्षाचा हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि त्याची प्रत प्रत्येक सभासदाला द्यावी.

ठेव कोठे ठेवायची हेही पाहावे लागते. पेणकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँक कोसळली तेव्हा लाखाहून अधिक ठेवीदार अडकले, आणि पैसे परत मिळावेत म्हणून ठेवीदारांना संघर्ष समिती काढून वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्या काळी ठेवीवरचे विमा संरक्षण एक लाखापर्यंत होते. फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले. संस्थेची मोठी रक्कम एकाच बँकेत ठेवण्यापूर्वी खजिनदाराने हा आकडा लक्षात ठेवावा.

नोंदणीचीही बाब आहे. शाखा स्वतंत्रपणे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर नवी कार्यकारिणी निवडून आल्यावर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. पुष्कळ संस्था निवडणूक करतात, हारतुरे होतात आणि अर्ज राहून जातो. मग दहा वर्षांनी कागदावर मयत माणूस अध्यक्ष निघतो, बँक सही मानत नाही आणि वाद न्यायालयात जातो. मशिदी आणि शाळांच्या बाबतीत आपण हे पुष्कळ ठिकाणी भोगले आहे.

आपल्याला हे काम नवे नाही

कोणी म्हणेल, आमच्या लोकांना सभासमित्यांची सवय नाही. हे आम्हाला मान्य नाही. कोकणातल्या प्रत्येक मुस्लिम मोहल्ल्यात जमात असते. तिचा अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, सभा होतात, वर्गणी ठरते, मशिदीच्या दुरुस्तीचा पैन् पै हिशेब फलकावर लागतो. आखातात नोकरीला गेलेल्यांनीही तेथे गावाच्या नावाने मंडळे काढली आणि गावाकडे पैसा पाठवून शाळा उभ्या केल्या. मशवरा करून काम करणे आपल्या रक्तात आहे. फक्त मोहल्ल्याच्या कमानीबाहेर, बाजारपेठेच्या सभेत, तीच सवय आपण नेत नाही.

काहींच्या मनात असेही असते की, तेथे सगळे दुसऱ्या समाजाचे, आपले कोण ऐकणार? त्यांना आम्ही हिल्फुल फुजूलची आठवण देऊ. मक्केत एका यमनी व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा काही कबिल्यांच्या लोकांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून करार केला की, जुलूम झालेला कोणीही असो, त्याला त्याचा हक्क मिळवून द्यायचा. हजरत मुहम्मद (स.) त्या वेळी तरुण होते, नुबुव्वत अजून मिळायची होती. ते त्या करारात सामील होते आणि पुढे नुबुव्वतनंतरही त्यांनी त्या कराराबद्दल समाधान व्यक्त केले. तो करार केवळ आपल्या माणसांपुरता नव्हता, आणि त्याची सुरुवात झाली होती बाजारातल्या एका व्यवहारातून. व्यापाऱ्याच्या न्यायासाठी सर्वांबरोबर बसणे ही आपल्याकडची जुनी सुन्नत आहे असे म्हटले तर चूक होणार नाही.

समितीत जाताना मात्र "मुसलमानांचा प्रतिनिधी" म्हणून जाऊ नये. औषध विक्रेता म्हणून, डॉक्टर म्हणून जावे. जो वेळेवर येतो, दिलेले काम करून दाखवतो आणि हिशेब चोख ठेवतो, त्याचे नाव बाजार लक्षात ठेवतो. अशा एका माणसामुळे शंभर गैरसमज आपोआप मिटतात. व्याख्यानांनी ते मिटत नाहीत.

एक शब्द मुलींबद्दल. पनवेलला अंजुमन-ए-इस्लामच्या काळसेकर संकुलात फार्मसीचे शिक्षण मिळते, आणि इतरही महाविद्यालयांतून आपल्या मुली फार्मासिस्ट होऊन बाहेर पडत आहेत. दुकानाचा परवाना त्यांच्या नोंदणीवर चालतो, पण सभेला जातो घरातला पुरुष. हे बरोबर नाही. एच-वनची नोंदवही रोज जी भरते तिलाच त्यातली अडचण माहीत असते. प्रशिक्षणाची समिती तर तिच्याकडेच द्यावी. सभा रात्री नऊऐवजी दुपारी ठेवली तर बहुतेक अडचण तेथेच सुटते.

सुरुवात कोठून करावी?

ज्याला हे पटले त्याने एकदम अध्यक्षपदाला हात घालू नये. आम्ही पुढील क्रम सुचवतो.

पहिले, संघटनेची घटना मागून घ्यावी आणि वाचावी. सभासद म्हणून तो आपला हक्क आहे. निवडणूक किती वर्षांनी, गणसंख्या किती, ठराव कसा मांडायचा हे त्यात असते.

दुसरे, सलग तीन सभांना जावे आणि ऐकावे. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते का, हिशेब मांडला जातो का, हे पाहावे. पेण आणि रोहा ही दोन्ही गावे दिवा-रोहा रेल्वेमार्गावर असल्याने एकमेकांच्या शाखेत काय चालते हे पाहणेही अवघड नाही.

तिसरे, एक लहान, मोजता येणारे काम मागून घ्यावे आणि त्याला मुदत घालून घ्यावी. परवाना फीच्या तारखांची वही, परत गेलेल्या मालाचा तक्ता, किंवा पावसाळ्यापूर्वीची फ्रिज-जनरेटरची यादी. यातले एक काम सहा महिन्यांत पूर्ण करून सभेपुढे ठेवावे.

चौथे, वेळेचे आधीच बोलून घ्यावे. महिन्याला चार तास देता येत असतील तर चारच सांगावे. दहा सांगून दोन देणारा माणूस समितीला ओझे होतो. जुम्याच्या नमाजाची वेळ आणि रमजानमधली संध्याकाळ टाळून सभा ठेवण्याची विनंतीही मोकळेपणाने करावी. सांगितले तर लोक समजून घेतात, न सांगता गैरहजर राहिले तर गैरसमज होतो.

पाचवे, पद सोडताना वह्या, पावत्या, पत्रव्यवहार पुढच्या माणसाच्या हाती यादी करून द्यावा आणि त्याची सही घ्यावी. आपल्यामागे काम चालू राहिले पाहिजे.

बहुतेक शाखांची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या महिन्यांत होते. तिची सूचना दुकानात येऊन पडते आणि बिलांच्या गठ्ठ्यात हरवते. या खेपेस ती सूचना बाजूला काढून ठेवावी, तारीख गल्ल्यावर चिकटवावी आणि जाताना शेजारच्या दुकानदारालाही बरोबर घ्यावे.